एकाच लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ आणि व्हर्च्युअल डीजे: आवाजाचा पाट कसा काढायचा

व्हर्च्युअल डीजे या डीजे सॉफ्टवेअरमध्ये गाणं चालू आहे. एफएल स्टुडिओ (पुढे नुसतं एफएल) या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही स्वतः बांधलेला हलगीचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, तयार आहे. दोन्ही एकाच स्पीकरमधून ऐकू येतायत, एकमेकांत छान बसतायत. म्हणून एफएलमध्ये रेकॉर्डचं बटण दाबलं, आणि नंतर फाइल ऐकली तर तिच्यात फक्त हलगी. गाण्याचा पत्ताच नाही.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. काही जण स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्डिंग करतात आणि मग त्यातला पंख्याचा आवाज कसा काढायचा ते विचारतात. एवढा त्रास घ्यायची गरज नाही. लॅपटॉपच्या आतल्या आत एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्यात नेता येतो, त्यासाठी लागणारी गोष्ट फुकट मिळते आणि नीट केलं तर अर्ध्या तासात काम होतं. फक्त घाई करायची नाही.

आधी एक खुलासा. तुम्हाला डीजे सेट नुसता रेकॉर्ड करून ठेवायचा असेल तर व्हर्च्युअल डीजेतच रेकॉर्डिंगची सोय आहे, तिथेच करा. पुढची जोडणी त्यांच्यासाठी आहे ज्यांना डीजेचा आवाज म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये आणून त्यावर स्वतःचं वाजवायचंय, त्याला इफेक्ट लावायचेत, किंवा उलट स्वतःचं चालू प्रोजेक्ट डीजे सॉफ्टवेअरमधून वाजवायचंय. मेनूंची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे मराठीत लिहितोय, पडद्यावर ती इंग्रजी अक्षरांत दिसतील.

अडतं कुठे

कॉम्प्युटरवरचं प्रत्येक सॉफ्टवेअर आपला आवाज साउंड कार्डाकडे पाठवतं. विंडोज किंवा मॅक वाटेत सगळ्यांचे आवाज एकत्र करतं आणि साउंड कार्ड ते स्पीकरला देतं. म्हणजे भेट होते ती साउंड कार्डाच्या दारात, आणि तिथून आवाज थेट बाहेर जातो. शेजारच्या सॉफ्टवेअरकडे परत वळायला त्याला वाटच नसते. एफएल रेकॉर्ड करतं ते फक्त त्याच्या इनपुटला जे येतं तेवढंच, आणि त्या इनपुटला सहसा लॅपटॉपचा माइक लावलेला असतो.

शेतात दारं धरणाऱ्याला हे लगेच कळेल. मोटर चालू आहे, पाणी पाटातून धावतंय, पण ज्या वाफ्याचं दारं उघडलंच नाही तो कोरडाच राहणार. आपल्याला करायचंय ते एवढंच: व्हर्च्युअल डीजेच्या पाण्याला स्पीकरऐवजी एफएलच्या वाफ्यात वळवायचं, आणि तिथून पुढे स्पीकरला सोडायचं.

हा पाट म्हणजे व्हर्च्युअल ऑडिओ केबल. तो एक छोटा ड्रायव्हर असतो. कॉम्प्युटरला वाटतं की आणखी एक साउंड कार्ड बसवलंय. प्रत्यक्षात त्या कार्डाचं आउटपुट त्याच्याच इनपुटला आतून जोडलेलं असतं. एका टोकाला जे ओताल ते दुसऱ्या टोकाला निघतं. विंडोजवर यासाठी व्हीबी-केबल आहे आणि मॅकवर ब्लॅकहोल. दोन्ही मी वर्षानुवर्षं वापरतोय.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी कागद घ्या

ही पायरी सगळे गाळतात आणि मग दोन तास मेनू उघडझाप करत बसतात. कागदावर तीन चौकोन काढा: व्हर्च्युअल डीजे, एफएल, स्पीकर. आता बाण काढा. डीजेकडून केबलमार्गे एफएलकडे एक बाण, एफएलकडून स्पीकरकडे दुसरा. प्रत्येक बाणाच्या शेपटीला लिहा ‘बोलणारा’ आणि टोकाला ‘ऐकणारा’. एकही बाण फिरून आपल्याच चौकोनात येत नाही ना, ते बघा. येत असेल तर पुढे काय होतं ते खाली सांगतोच.

बोलणारा आणि ऐकणारा हे शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण व्हीबी-केबलमधली नावं नवख्याला हमखास चकवतात. केबल बसवल्यावर विंडोजच्या प्लेबॅक यादीत ‘केबल इनपुट’ दिसतं आणि रेकॉर्डिंगच्या यादीत ‘केबल आउटपुट’. म्हणजे आवाज बाहेर पाठवायच्या यादीत इनपुट, आणि आत घ्यायच्या यादीत आउटपुट! हे उलटं नाही. नाव सॉफ्टवेअरच्या बाजूने ठेवलेलं नाही, केबलच्या बाजूने ठेवलंय. केबलच्या आत आवाज जातो ते तिचं तोंड, म्हणून केबल इनपुट. तिच्यातून आवाज निघतो ते दुसरं टोक, म्हणून केबल आउटपुट. बोलणाऱ्याने केबल इनपुट निवडायचं, ऐकणाऱ्याने केबल आउटपुट. हे वाक्य त्या कागदावरच लिहून ठेवा.

केबल बसवणं

व्हीबी-ऑडिओच्या संकेतस्थळावरून व्हीबी-केबलची झिप फाइल उतरवा. झिपच्या आतूनच सेटअप चालवू नका. आधी सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये काढा. मग चौसष्ट बिटच्या सेटअपवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा, बसवा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. रीस्टार्ट न करता पुढे गेलेल्यांना केबल दिसत नाही आणि ते पुन्हा पुन्हा बसवत राहतात. एक केबल फुकट आहे. आणखी केबली हव्या असतील तर देणगी देऊन मिळतात, पण सुरुवातीला एक पुरते.

रीस्टार्टनंतर पहिलं काम: विंडोजचा नेहमीचा आवाज कुठे जातोय ते बघा. कधी कधी ही नवी केबलच डीफॉल्ट होऊन बसते आणि यूट्यूबपासून सगळं मुकं होतं. साउंड सेटिंगमध्ये जाऊन डीफॉल्ट पुन्हा तुमच्या स्पीकरवर किंवा साउंड कार्डावर आणा. ही गोष्ट विसरू नका. तिचा एक प्रसंग शेवटी येईल.

त्यानंतर सॅम्पल रेट, म्हणजे एका सेकंदात आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घेतले जातात तो आकडा. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये केबल इनपुट, केबल आउटपुट आणि तुमचं खरं साउंड कार्ड या तिन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डचा टॅब आहे. तिथे तिन्हींना एकच आकडा द्या. गाणी सीडीच्या दर्जाची असतील तर 44100 हर्ट्झ ठेवा. व्हिडिओसाठी काम करत असाल तर 48000. कोणता निवडता याला फारसं महत्त्व नाही, तिन्हीकडे एकच असणं महत्त्वाचं. एक बाजू 44100 आणि दुसरी 48000 राहिली तर एरवी ड्रायव्हर आपला आपण हिशेब जुळवतो; पण जिथे जुळवत नाही तिथे गाणं सुमारे दीड सेमीटोन वर किंवा खाली सरकतं आणि लयही त्याच प्रमाणात बिघडते. ओळखीचं गाणं अचानक पातळ किंवा जाड वाटायला लागलं की पहिल्यांदा इथेच बघायचं.

आणखी एक दार आहे, मायक्रोफोनच्या परवानगीचं. केबलमधून येणारा आवाज विंडोजच्या आणि मॅकच्याही लेखी माइकच असतो. प्रायव्हसी सेटिंगमध्ये माइक बंद असेल तर केबल व्यवस्थित, सेटिंग बरोबर, आणि तरीही शांतता. विंडोजमध्ये डेस्कटॉप ॲप्सना माइक वापरू देण्याचं एक वेगळं बटण आहे, तेही चालू आहे ना ते पाहा.

पहिला पाट: डीजेकडून एफएलकडे

व्हर्च्युअल डीजेच्या सेटिंगमध्ये ऑडिओचा भाग उघडा. तिथे प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात: कोणता आवाज, कोणते चॅनेल, कोणतं साउंड कार्ड. मास्टरच्या, म्हणजे सगळं मिसळून बाहेर पडणाऱ्या आवाजाच्या, ओळीत साउंड कार्ड म्हणून केबल इनपुट निवडा आणि अप्लाय करा. आता गाणं लावलंत तर काहीच ऐकू येणार नाही. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. पाणी पाटात आलंय, पुढचं दारं अजून बंद आहे.

एफएलमध्ये एफ10 दाबून ऑडिओ सेटिंग उघडा. डिव्हाइस म्हणून ‘एफएल स्टुडिओ एएसआयओ’ निवडा. हा ड्रायव्हर एफएलसोबतच येतो. त्याचं पॅनेल उघडलं की इनपुट आणि आउटपुट वेगवेगळे निवडता येतात. इनपुटला केबल आउटपुट, आउटपुटला तुमचं खरं साउंड कार्ड किंवा हेडफोन.

इथे बरेच जण एएसआयओ-फोर-ऑल वापरतात. तोही चालतो, पण तो साउंड कार्ड पूर्ण ताब्यात घेतो आणि त्याच कार्डावरची बाकीची सॉफ्टवेअर मुकी होतात. दोन सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवायची असताना एफएलचा स्वतःचा ड्रायव्हर मला जास्त सोयीचा वाटतो, कारण तो कार्ड वाटून घेतो.

आता एफ9 दाबून मिक्सर उघडा. मास्टर सोडून एक रिकामा ट्रॅक निवडा. उजव्या बाजूला वर इनपुटची छोटी यादी आहे, तिच्यात केबलची स्टिरिओ जोडी निवडा. स्टिरिओच निवडा, मोनो निवडलीत तर डावी-उजवी बाजू हरवेल. व्हर्च्युअल डीजेत गाणं चालू करा. त्या ट्रॅकचा मीटर हलला की पाणी पोचलं. आवाजही आता स्पीकरमधून येईल, फक्त आता तो एफएलमधून फिरून येतोय. खात्री करायची असेल तर त्या ट्रॅकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढा. गाणं थांबायला हवं. फेडर खाली असूनही गाणं ऐकू येत असेल तर व्हर्च्युअल डीजेचा दुसरा एखादा पाट थेट स्पीकरला उघडा राहिलाय.

मीटर हललाच नाही तर डोकं शांत ठेवून पाण्याच्या दिशेने चालत या. व्हर्च्युअल डीजेचा स्वतःचा मास्टर मीटर हलतोय का? हलतोय. विंडोजच्या प्लेबॅक यादीत केबल इनपुटसमोरचा हिरवा पट्टा? रेकॉर्डिंगच्या यादीत केबल आउटपुटसमोरचा? एफएलच्या ट्रॅकचा? जिथे शेवटचा मीटर हलतोय आणि पुढचा हलत नाही, अडचण त्या दोघांच्या मध्येच असते. इतर कुठे हात लावू नका. पाच सेटिंग एकदम बदलली की नेमकं कशाने जमलं किंवा बिघडलं ते कधीच कळत नाही.

पातळीकडेही लक्ष द्या. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही छत आहे, तिच्यावर गेलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. व्हर्च्युअल डीजेत दोन गाणी एकत्र होतात, वर तुमची हलगी येणार. म्हणून एफएलच्या त्या ट्रॅकवर गाण्याचे सर्वांत उंच ठोके उणे सहाच्या आसपास राहतील एवढाच आवाज डीजेकडून सोडा. रेकॉर्डिंग बारीक वाटलं तर नंतर वाढवता येतं. ‘फुल ठेवलं की दणका येतो’ ही सवय मंडपातली आहे, ती इथे आणू नका.

रेकॉर्ड करताना ट्रॅकवरचं रेकॉर्ड चिन्ह चालू करा आणि मग वर रेकॉर्ड व प्ले दाबा, किंवा त्या ट्रॅकवर एडिसन हे एफएलचं रेकॉर्डिंगचं प्लगइन बसवून त्यात घ्या. लांब सेटसाठी मी पहिला मार्ग वापरतो, छोट्या तुकड्यांसाठी एडिसन. एक अडचण आधीच सांगतो: एफएलच्या सर्वांत स्वस्त फ्रूटी एडिशनमध्ये ऑडिओ रेकॉर्डिंग नाही, त्यासाठी प्रोड्यूसर एडिशन लागते.

दुसरा पाट: एफएलकडून डीजेकडे

याची गरज वेगळ्या माणसाला पडते. समजा तुम्ही ऑक्टापॅड वाजवता, आवाज एफएलमधून येतात, आणि ते डीजेच्या मिक्सरमधून, त्याच्याच इफेक्टसह बाहेर काढायचेत. किंवा अर्धवट झालेला रिमिक्स एक्स्पोर्ट न करताच, दुसऱ्या गाण्याशेजारी लावून कसा बसतो ते ऐकायचंय. हा दुसरा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. आपला बेस इतर गाण्यांच्या मानाने किती पातळ आहे, हे एकट्याने ऐकून कधीच कळत नाही.

इथे बाण उलटे होतात. एफएल बोलणार, म्हणून एफएलच्या ड्रायव्हरमध्ये आउटपुटला केबल इनपुट. व्हर्च्युअल डीजे ऐकणार, म्हणून त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये इनपुटची एक ओळ वाढवा, आवाजाचा प्रकार लाइन-इन ठेवा आणि कार्ड म्हणून केबल आउटपुट. मास्टर परत खऱ्या साउंड कार्डावर आणायला विसरू नका.

आणि इथेच धोका आहे. पहिला पाट तसाच ठेवून त्याच केबलवर दुसरा काढलात तर एफएलचा आवाज डीजेत जातो, डीजेचा मास्टर परत केबलमध्ये, केबलमधून परत एफएलमध्ये, आणि प्रत्येक फेरीत आवाज वाढत जातो. एका सेकंदाच्या आत किंकाळी फुटते. मंडपात माइक स्पीकरसमोर धरल्यावर होते तीच शिट्टी, पण इथे मध्ये हवा नसल्यामुळे ती फार लवकर टोकाला पोचते. हेडफोन कानात असतील तर कानाला इजा होऊ शकते, मोठ्या सिस्टमवर ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, जळू शकतो. म्हणून पाट बदलताना हेडफोन कानातून काढायचे आणि स्पीकरचा आवाज शून्यावर न्यायचा. मीटर पाहून खात्री झाली की मगच हळूहळू वाढवायचा. दोन्ही दिशा एकाच वेळी हव्या असतील तर दोन वेगळ्या केबली लागतात, आणि तेव्हाही जो आवाज डीजेकडून आला तोच परत डीजेकडे जाणार नाही अशी सोय एफएलच्या मिक्सरमध्ये करावी लागते. पहिल्या महिन्यात या वाटेला जाऊ नका.

उशीर आणि टकटक

आवाज केबलमधून तुकड्या-तुकड्याने जातो. एका तुकड्यात किती सॅम्पल, तो आकडा म्हणजे बफर. 44100 हर्ट्झवर 512 सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण 11.6 मिलिसेकंद. आवाज हवेतून एवढ्या वेळात चार मीटर जातो, म्हणजे चार मीटर लांबच्या ढोलाचा ठोका जेवढ्या उशिरा कानावर येतो तेवढाच हा उशीर. एकट्याने विशेष नाही. पण आपल्या जोडणीत असे तीन-चार बफर एकामागोमाग येतात: डीजेचा, केबलचा, एफएल आत घेताना, एफएल बाहेर सोडताना. बेरीज चाळीस-पन्नास मिलिसेकंदांच्या घरात गेली की हाताने वाजवणाऱ्याला ठोका मागे पडल्यासारखा वाटतो.

नुसतं रेकॉर्डिंग करत असाल तर याची काळजीच करू नका. बफर 1024 ठेवा, निवांत राहा. ऑक्टापॅड थेट वाजवायचा असेल तर 256 पर्यंत खाली आणून बघा. लॅपटॉपला झेपलं नाही तर आवाज तुटायला लागेल, मग एक पायरी वर. ब्लूटूथ स्पीकर किंवा इअरबड्स मात्र या कामाला अजिबात नकोत. त्यांचा स्वतःचाच उशीर इतका असतो की बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

दुसरी तक्रार जास्त छळते: सगळं छान चालू असतं आणि मधूनच ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. बफर वाढवला तरी जात नाही. याचं कारण घड्याळ. प्रत्येक साउंड कार्डाला स्वतःचं घड्याळ असतं आणि कोणतीही दोन घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. दोघांत दहा लाखात 50 एवढाच फरक धरला तरी तासाभरात 0.18 सेकंदांचं अंतर पडतं. 120 च्या लयीत एका मात्रेचा पाव भाग 0.125 सेकंदांचा असतो, त्याहून हे जास्त. एक बाजू जरा जास्त वेगाने ओतते, दुसरी जरा सावकाश उपसते. मधला हौद कधी तरी भरून वाहतो किंवा रिकामा होतो, आणि त्या क्षणी टक् वाजतं. ओळखायची खूण अशी की ही टकटक बऱ्यापैकी ठरावीक अंतराने येते. लॅपटॉप दमल्यामुळे येणारी टकटक वेडीवाकडी, जड प्लगइन चालू असताना येते.

उपाय म्हणजे घड्याळं कमी करा. यूएसबी माइक, डीजे कंट्रोलरचं कार्ड, लॅपटॉपचं कार्ड आणि वर केबल अशी चार कार्डं एकदम लावू नका. एक खरं कार्ड आणि एक केबल, बस्स. हेडफोनमध्ये पुढचं गाणं ऐकायला दुसरं कार्ड लागलंच, तर ते फक्त ऐकण्यापुरतं ठेवा, रेकॉर्डिंगच्या वाटेत आणू नका. तुमच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या साउंड कार्डात, लूपबॅकची (कॉम्प्युटरचा आवाज परत आत वळवण्याची) सोय असेल तर तीच वापरा. तिथे सगळं एकाच घड्याळावर चालतं, मला ती सर्वांत स्वच्छ वाट वाटते.

मॅकवाल्यांसाठी

मॅकवर ब्लॅकहोल बसवा. ते दोन, सोळा आणि चौसष्ट चॅनेलचं मिळतं. मी सोळाचं घ्या म्हणेन, कारण पुढची गंमत त्यातच आहे. युटिलिटीजमधलं ऑडिओ मिडी सेटअप उघडा, खालच्या अधिकच्या चिन्हावरून ॲग्रिगेट डिव्हाइस तयार करा, त्यात तुमचा इंटरफेस आणि ब्लॅकहोल दोन्हींवर खूण करा. क्लॉक सोर्स इंटरफेसच ठेवा आणि ब्लॅकहोलसमोर ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करा. वर सांगितलेल्या घड्याळाच्या भांडणावर मॅकने दिलेला तोडगा हाच.

समजा तुमच्याकडे ट्रॅक्टर हे डीजे सॉफ्टवेअर आणि एबलटन लाइव्ह हे म्युझिक सॉफ्टवेअर आहे. ट्रॅक्टरच्या ऑडिओ सेटअपमध्ये डिव्हाइस म्हणून ब्लॅकहोल निवडा, आउटपुट राउटिंगमध्ये मिक्सिंग मोड एक्स्टर्नल करा. मग पहिल्या डेकला (डेक म्हणजे एक गाणं वाजवायचा प्लेअर) 1 आणि 2, दुसऱ्याला 3 आणि 4 असे वेगळे चॅनेल देता येतात. लाइव्हमध्ये ॲग्रिगेट डिव्हाइस निवडून इनपुट कॉन्फिगमध्ये ब्लॅकहोलच्या त्या जोड्या चालू करा, दोन ऑडिओ ट्रॅक घ्या, ‘ऑडिओ फ्रॉम’मध्ये एक्स्टर्नल इन आणि ज्याची त्याची जोडी, मॉनिटर ‘इन’वर. दोन्ही डेक दोन स्वतंत्र ट्रॅकवर येतात. नंतर एकाच गाण्याचा बेस कापा, दुसऱ्याला एको लावा, काहीही करा. एक्स्टर्नलमध्ये ट्रॅक्टरचे स्वतःचे फेडर आणि क्रॉसफेडर काम करत नाहीत, मिक्सिंग लाइव्हमध्ये करावं लागतं. हे माहीत नसलं की ट्रॅक्टर बिघडलाय असं वाटतं.

नवखी मुलं इथे आणखी एका ठिकाणी गोंधळतात, तो म्हणजे एबलटन लिंक. 2016 साली आलेली ही सोय लाइव्ह, ट्रॅक्टर, सेराटो अशा सॉफ्टवेअरची लय आणि सम एकमेकांशी जुळवते. इथे लिंक फक्त लयीसाठी, तिच्यातून ट्रॅक्टरचा आवाज लाइव्हमध्ये येत नाही. आवाजासाठी केबल, लयीसाठी लिंक, दोन्ही वेगवेगळं लावायचं. आणि लिंक लय जुळवते ती डीजे सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या बीटग्रिडप्रमाणे, म्हणजे मात्रांच्या खुणांप्रमाणे. आपल्याकडची जुनी गाणी, जिथे ढोलकी माणसाने क्लिकशिवाय वाजवलीय, ती कडव्याला जरा धावतात आणि ध्रुपदाला निवतात. तिथे ग्रिड आधी हाताने दुरुस्त करावं लागतं. ते न करता वर लूप टाकलात तर पहिल्या कडव्यापर्यंत छान आणि मग चिखल. सुरुवातीला मशिनवर बांधलेल्या, एकाच लयीच्या गाण्यावर हात बसवा.

सेराटो डीजे प्रो वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: ते मान्यताप्राप्त हार्डवेअर जोडलेलं मागतं आणि व्हर्च्युअल डीजेसारखं कोणतंही कार्ड निवडू देत नाही. अशा वेळी कंट्रोलरच्या मागचं बूथ किंवा मास्टर आउट खऱ्या वायरीने इंटरफेसच्या लाइन-इनला जोडणं हा साधा आणि पक्का मार्ग आहे. लिनक्सवर मिक्स (Mixxx) हे डीजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर वेगळी केबल लागतच नाही. पाइपवायर किंवा जॅक या लिनक्सच्या आवाज-जोडणीच्या व्यवस्थांच्या आलेखात एका चौकोनातून दुसऱ्यात रेघ ओढली की झालं. कागदावर काढलेलं चित्र तिथे तसंच्या तसं पडद्यावर दिसतं.

कार्यक्रमाला नेण्याआधी

घरी जमलं म्हणून लगेच स्टेजवर नेऊ नका. मी स्वतः एका साखरपुड्याला ही जोडणी घेऊन गेलो होतो. नवरदेवाचे मामा माइकवर बोलत होते, मी गाण्याचा फेडर खाली घेतलेला. आणि मध्येच लॅपटॉपवर आलेल्या मेसेजची घंटी टॉप-बेसवरून संपूर्ण हॉलभर वाजली. मामा थांबले, लोक वळून बघायला लागले. आदल्या रात्री ड्रायव्हर अपडेट केला होता आणि केबल पुन्हा विंडोजची डीफॉल्ट झाली होती. त्यामुळे लॅपटॉपचा प्रत्येक आवाज त्याच पाटाने मिक्सरमध्ये जात होता.

तेव्हापासून कार्यक्रमाच्या आठवड्यात कोणतंही अपडेट घेत नाही. हॉलवर पोचल्यावर इंटरनेट बंद करतो, डीफॉल्ट प्लेबॅक तपासतो, विंडोजचे सिस्टम साउंड ‘नो साउंड्स’वर ठेवतो, आणि सॉफ्टवेअर ठरलेल्या क्रमाने उघडतो: आधी कार्ड जोडायचं, मग ऐकणारं सॉफ्टवेअर, शेवटी बोलणारं. बंद करताना उलट. ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी चालू आणि सगळ्यात आधी बंद. मोठा कार्यक्रम असेल तर लॅपटॉपमधली केबल वापरतच नाही. एफएलचं आउटपुट वेगळ्या साउंड कार्डातून थेट मिक्सरच्या एका चॅनेलला देतो. एक वाट अडकली तर दुसऱ्या चॅनेलवर गाणं चालू राहतं, आणि लग्नाच्या हॉलमध्ये गाणं चालू राहणं सगळ्यात महत्त्वाचं.

जोडणी एकदा जमली की एफएलमध्ये ती टेम्प्लेट म्हणून जतन करा आणि प्रत्येक सेटिंगच्या पडद्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. माझ्या लॅपटॉपच्या झाकणाला आतल्या बाजूने तो पहिला कागद अजून चिकटवलेला आहे, तीन चौकोन आणि दोन बाण. त्यावर खाली लिहिलंय: बोलणारा केबल इनपुट, ऐकणारा केबल आउटपुट, तिन्हीकडे 44100.